वरचं द्या म्हणाले

"उपाशी मारायचं ठरवलंय का पोरीला?" डॉक्टर ओरडले, तशा बाकावरच्या सगळ्या बाया आपापली दुखणी विसरून आमच्याकडे बघायला लागल्या.

आम्ही तिघी होतो. मी, माझी धाकटी बहीण आणि तिची सासू. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात, मीही त्यांना तेच म्हणते. पोरगी आत्याबाईंच्या मांडीवर होती. दहा महिने भरले होते तिला, पण सहाव्या महिन्यात शिवलेलं झबलं अजून अंगात सैल होतं. रडत नव्हती. रडायलाही अंगात जोर लागतो, तो तिच्यात उरला नव्हता. नर्सने तिच्या दंडाला कुपोषण मोजायची रंगीत पट्टी गुंडाळली, ती धोक्याच्या लाल रंगावर थांबली, आणि डॉक्टरांनी पहिल्यांदा मान वर केली.

"काय देता खायला?"

"वरचं देतो न्हवं," आत्याबाई म्हणाल्या. "सा महिने झाले तवापसून वरचं चालू हाय."

"रोज?"

"रोज. दोन्ही टायमाला वाटीभर. एक दिस नागा नाय."

"रोज वाटीभर वरचं खाणारं मूल असं दिसतं? खोटं कशाला बोलता, आजी?"

आत्याबाईंचं तोंड तसंच उघडं राहिलं. त्यांना खोटारडी म्हणण्याची हिंमत पडेगावात कुणी केली नसती. नळाच्या रांगेत त्यांच्या शब्दावर भांडणं मिटतात. पण समोर डॉक्टर होते, शिकलेला माणूस होता, म्हणून त्या गप्प बसल्या. मग डॉक्टर माझ्या बहिणीकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्या बाईच्या हाती मूल ठेवू नका. अजून काही दिवस हेच चाललं असतं, तर तुम्हाला इथवर यायचीसुद्धा गरज पडली नसती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला राग लवकर येतो, हे घरी-दारी सगळ्यांना माहीत आहे. शाळेत मुलं माझ्या पावलांच्या आवाजावरून वर्ग शांत करतात. पण त्या दिवशी मीही गप्प बसले, कारण पोरगी त्यांच्या हातात होती. गरिबाला डॉक्टरशी भांडता येत नाही. त्याच्या लेकराचं बोट डॉक्टरच्या हातात असतं.

पोरीला त्याच दिवशी भरती करून घेतलं. आईने सोबत राहायचं, असा नियम होता. माझी बहीण शेंद्र्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते, कंत्राटावर. पडेगाव शहराच्या एका टोकाला, शेंद्रा दुसऱ्या टोकाला. कंपनीची बस उजाडायच्या आत घेऊन जाते आणि दिवेलागणीला आणून सोडते. सकाळी निघताना ती पोरीला अंगावर पाजायची आणि आली की पुन्हा पाजायची. मधला सगळा दिवस आत्याबाईंचा. हा बेत ठरला तेव्हा कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. पोरगी तेव्हा गुटगुटीत होती, सहा महिने आईच्या दुधावर नुसती बाळसं धरून बसली होती. नंतर काय झालं ते कुणालाच कळेना. बहीण संध्याकाळी विचारायची, "खाल्लं का?" आत्याबाई रिकामी वाटी दाखवायच्या. वाटी खरोखरच रिकामी असायची.

"ताई, त्या नाय उपाशी ठिवायच्या तिला," बहीण वॉर्डात मला सारखं सांगत होती. "सोताच्या तोंडातला घास काढून देत्यात. मग कसं झालं गं हे?"

 मेहुण्याकडे मात्र उत्तर तयार होतं. तो वॉर्डाच्या दाराशी उभा राहून म्हणाला, "आईला पैठणला धाकल्याकडं धाडतो. डॉक्टर सगळ्यांम्होरं बोलला. माझी काय इज्जत राहिली?" पोरीच्या बरगड्या मोजता येत होत्या आणि ह्याला इज्जत सुचत होती. मी त्याला चार शब्द सुनावले, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी बहिणीचे कपडे आणायला पडेगावला गेले. दार उघडंच होतं. आत्याबाई गॅसपुढे पाटावर बसल्या होत्या, पदर डोक्यावर, समोर वरणाचं भगुनं. माझी चाहूल लागूनही त्यांनी मागे बघितलं नाही. भगुनं खाली उतरवून ठेवलं होतं आणि त्या त्याच्याकडे नुसत्या बघत बसल्या होत्या. मला वाटलं, दुःखाने बसल्या असतील. तशा त्या बसल्या नव्हत्या. त्या वरण निवळायची वाट बघत होत्या.

डाळ हळूहळू बुडाशी बसली. वर पिवळसर पाणी राहिलं. आत्याबाईंनी पळी घेतली, श्वास रोखला, आणि डाळीचा एक दाणाही वर येऊ न देता ते वरचं पाणी अलगद काढून स्टीलच्या डब्यात भरलं. एवढ्या जपून तर सोनारही काम करत नाही. मग त्यात मिठाचा खडा टाकला आणि झाकण लावलं.

"हे काय?" मी विचारलं.

"लेकराचं. वरचं." त्यांनी डबा माझ्यापुढे सरकवला. "तिथल्या बाया काय दीत असतील कुनाला ठावं. तू नेऊन दे, ताई. पाया पडते तुझ्या."

मी वयाने त्यांच्या लेकीएवढी, पण शाळेत शिकवते म्हणून त्या मला ताई म्हणतात.

"हे वरचं?"

"मंग? वरनाचं वरचं. भाताचं बी देते कवा कवा, शिजताना वर येतं ते. विहारात त्या दवाखान्याच्या बाईनं सांगितलं न्हवं का, सा महिने झाले की लेकराला वरचं चालू करा म्हनून. मी जिवाचा कान करून ऐकलं व्हतं."

मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसले.  चार महिने. चार महिने त्या बाईने एका लेकराला दोन वेळा वाटी वाटी कोमट पिवळं पाणी पाजलं होतं. पोरीचं पोट पाण्याने टम्म भरायचं, म्हणून ती रडायची नाही. संध्याकाळी आईच्या अंगावरही पहिल्यासारखी ओढ घेऊन प्यायची नाही. सगळ्यांना वाटायचं, शहाणी आहे, त्रास देत नाही.

"आणि खालची डाळ?"

"ती आमी खातो. आमाला काय, आमाला बुडाचं बी चालतं."

हे त्या अशा आवाजात म्हणाल्या, जणू स्वतःसाठी त्यांनी उरलंसुरलं ठेवलं होतं. आणि त्यांच्या हिशेबाने ते खरंच होतं. आमच्याकडे भगुन्यातलं वरचं म्हणजे मानाचं. मटणाची तर्री वर येते, ती पहिल्यांदा जावयाच्या ताटात पडते. दुधावर साय येते, ताकावर लोणी येतं. घरच्या बाया शेवटी बसतात आणि बुडाचं खरवडून खातात. आत्याबाईंनी जन्मभर बुडाचं खाल्लं होतं. नातीला कुणी वरचं द्यायला सांगतंय, म्हणजे शेवटी ह्या घरातल्या एका पोरीच्या वाट्याला मानाचं येतंय, असं त्यांना वाटलं होतं. भाकरीचा वरचा पापुद्रासुद्धा त्यांनी तिच्या नावाने राखून ठेवला होता, दात आल्यावर द्यायला.

"आत्याबाई," मी म्हणाले, आणि माझा आवाज चढत होता, "तुमच्या पोराला काय भरवलं होतं तुम्ही?"

"त्याला? त्याला काय, भाकर कुस्करायची दाळीत. मऊ करून घास लावायचा."

"मग हिला का नाही?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्यासारख्या शिकलेल्या बाईने असलं विचारावं, याचं त्यांना नवल वाटलं.

"तवा आमी अडानी व्हतो, ताई," त्या म्हणाल्या.

मला सांगा, कुणाच्या नरड्याला हात घालावा? ह्या वस्तीत शिक्षणाला जेवढा मान आहे तेवढा त्या डॉक्टरच्या घरातही नसेल. विहारात सगळ्यात पुढची सतरंजी शिकणाऱ्या पोरांची असते. आत्याबाईंना सही करता येत नाही, पण घरात पुस्तकाला पाय लागला तर त्या पुस्तकाच्या पाया पडतात. शिकलेल्या माणसाने सांगितलं की उलट विचारायचं नाही, हे त्यांच्या रक्तात आहे. म्हणून तर त्यांनी स्वतःच्या हाताचं सगळं शहाणपण गुंडाळून ठेवलं आणि एका शब्दावर विश्वास टाकला. आणि तो शब्द काय होता? वरचं!

मी मराठी शिकवते. दवाखान्यात परत जाताना रिक्षात बसून मी त्या शब्दाची साल काढली. आईच्या दुधाशिवायचं जे काही, ते वरचं. वरचं दूध, वरचा आहार. हे दवाखान्याचं मराठी. पण माणसाच्या मराठीत भगुन्याच्या वरचं ते वरचं. वरची कमाई वेगळी, वरचा मजला वेगळा, आणि आभाळातला तो वरचा आणखी वेगळा. ज्या बाईने आयुष्य चुलीपुढे काढलं, तिला 'वरचं' म्हटल्यावर काय दिसणार, एवढा विचार एकालाही करावासा वाटला नाही? दवाखान्यातल्या पोस्टरवर लालचुटुक गालांचं बाळ आहे, त्याच्यापुढे सफरचंद आहे, द्राक्षं आहेत. वरणाचं भगुनं नाही, पळी नाही. घरपोच येणाऱ्या सरकारी पाकिटावर लिहिलंय, 'बालकास पूरक आहार म्हणून द्यावा.' आमच्या गल्लीत ते पाकीट शेळीपुढे पडतं. शेळी वाचत बसत नाही, म्हणून तिचं भलं होतं.

मी तो डबा घेऊन तडक डॉक्टरांकडे गेले. झाकण उघडून त्यांच्या टेबलावर ठेवला.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"वरचं," मी म्हणाले. "तुम्ही विचारलं होतं ना, काय देता म्हणून. त्यांनी खरं सांगितलं होतं. तुम्हाला ऐकू आलं नाही."

त्यांनी डब्यात पाहिलं. क्षणभर त्यांच्या तोंडावर काहीतरी हललं, मला वाटलं आता हा माणूस कपाळावर हात मारेल. पण ते हसले. हसले! म्हणाले, "मॅडम, वरचं म्हणजे काय हे सगळ्यांना कळतं हो. थोडी कॉमन सेन्सची गोष्ट आहे."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला? तुम्हाला तरी कळलं का, त्या कोणतं वरचं म्हणतायत? तुम्ही एक प्रश्न विचारला असता, कसं करता म्हणून, तर तिथल्या तिथे कळलं असतं. त्याऐवजी तुम्ही त्यांना भर गर्दीत खोटारडी ठरवलं."

"बाहेर पेशंट थांबलेत," ते म्हणाले.

मी डबा त्यांच्या टेबलावरच सोडून आले. त्याचं त्यांनी काय केलं, मला माहीत नाही.

पोरगी दवाखान्यात हळूहळू सुधारली. आधी औषधासारखं दूध, मग मऊ भात, मग खिचडी. एका सकाळी तिने नर्सच्या हातातला चमचा ओढला आणि जोरात भोकाड पसरलं, तेव्हा माझी बहीण हसत-रडत वॉर्डभर सांगत सुटली, "रडली! रडली!" जीव वाचला होता. पण घरी गेल्यावर तो टिकायला कुणाच्या तरी हातून दिवसातून चार वेळा घास पोटात पडायला हवा होता. आणि ज्या हातातून तो पडायचा होता, तो हात आत्याबाईंनी काढून घेतला होता.

त्या पोरीला घ्यायच्या, न्हाऊ घालायच्या, झोका द्यायच्या. पण वाटी पुढे केली की उठून जायच्या. "मपल्या हाताला विष हाय," म्हणायच्या. "डॉक्टर बोलला ते काय खोटं बोलला?" कोपऱ्यात त्यांची पिशवी भरून ठेवली होती, पैठणला जायला. मेहुण्याने भरली नव्हती, त्यांनी स्वतःच भरली होती. मी सगळं समजावून सांगितलं, शब्दाची चूक होती, तुमची नव्हती. त्या मान हलवायच्या आणि पुन्हा तेच. "शबुद त्यांचा आसंल. पळी तर मपलीच व्हती."



बहिणीला कामावर परत जायचं होतं, नाहीतर तिच्या जागी दुसरी उभी राहिली असती. बहीण माझ्यासारखी नाही, तिचा आवाज कधी चढत नाही. त्या सकाळी, माझ्यादेखत, चढला. मेहुणा म्हणाला, "आईला बसमधी बसवून येतो, तू आजच्या दिस सुट्टी काढ."

"आन उद्या?" तिने विचारलं. "उद्या कोन? तू? तू बसतो का घरी? इज्जत इज्जत लावलंय. पोरगी सुकत व्हती तवा एक दिस तरी तिच्या वाटीत वाकून बघितलं का तू? मी नाय बघितलं. तू नाय बघितलं. ह्या एकट्या बघत व्हत्या." मग ती गॅसपाशी गेली, भगुनं उचलून आत्याबाईंच्या पुढ्यात आदळलं आणि पळी त्यांच्या मुठीत कोंबली. "बुडातून काढा."

"माय, नगं..."

"बुडातून काढा म्हनते ना, आत्याबाई. मपली बस चुकंल."

आत्याबाईंनी पळी बुडापर्यंत घातली. भगुन्याच्या तळाशी खर्रकन आवाज झाला. घट्ट डाळ वर आली. त्यांनी ती भातावर घातली, तेलाची धार सोडली, बोटांनी मऊ केली, घासाची गोळी उचलून बघितली, बोटावरून ओघळत नाही ना. पोरीने आधीच तोंड उघडलं होतं. आत्याबाईंनी पहिला घास दिला, तो अर्धा तिच्या हनुवटीवर गेला. बहिणीने तो पुसलासुद्धा नाही, चपला घालून बससाठी पळाली. पिशवी मी रिकामी केली आणि लुगडी परत दोरीवर टाकली.

आता पोरगी रांगते. हाताला लागेल ते तोंडात घालते, परवा माझ्या चष्म्याची काडी चावून ठेवली.

मागच्या महिन्यात विहारात पुन्हा बायांची बैठक होती. आत्याबाई म्हणाल्या, तू बी चल. मी रविवार म्हणून गेले. तेच पोस्टर, तेच सफरचंद. बोलणारी बाई मात्र नवीन होती, माझ्या बहिणीच्या वयाची, गोड गळ्याची. ती सांगत होती, "सहा महिने फक्त आईचं दूध. आणि सहा महिने पूर्ण झाले की वरचं सुरू करायचं."

मी उठणारच होते. जिभेवर सगळं तयार होतं. पण माझ्या आधी आत्याबाई उठल्या, पोरीला कडेवर घेऊन. जन्मात शिकलेल्या माणसाच्या बोलण्यात न बोललेली बाई. पदर सावरून म्हणाल्या, "बाई, वरचं म्हनू नगा."

"मग काय म्हणू, आजी?"

"बुडाचं म्हना."

बाया हसल्या. बोलणारी बाईही हसली, वाईट हसली नाही, पण हसली. "आजी, बुडाचं असं नसतं ओ. आम्हाला वरून जसं सांगून येतं तसंच आम्ही सांगतो."

वरून! माझ्या डोक्यात तिडीक गेली. इथेही वरचंच. वरून पातळ होत होत आलेलं, पोटाला काही न लागणारं. मी तोंड उघडलं.

तेवढ्यात भिंतीशी बसलेल्या एका पोरीने विचारलं. पोरगीच ती, विशीतली, नवऱ्यासोबत कामासाठी नुकतीच वस्तीत राहायला आलेली. तिच्या खांद्यावर एक लेकरू झोपलं होतं, टोपडं घातलेलं. ती हळूच म्हणाली, "व्हय आजी? म्हंजी वरचं पानी नाय द्यायचं?"

मग कुणी हसलं नाही. पोस्टर धरून बोलणाऱ्या त्या बाईचा हात खाली आला.

आत्याबाईंनी नात माझ्या मांडीवर दिली. बायांच्या मधून वाट काढत त्या भिंतीपाशी गेल्या, खाली बसल्या, आणि त्या झोपलेल्या लेकराच्या झबल्याची बाही वर सारून त्याच्या दंडाभोवती अंगठा आणि बोट धरलं. दंड एवढा बारीक होता की बोट अंगठ्यावर चढलं. त्यांनी बाही खाली ओढली, त्या पोरीचा हात धरला आणि तिला उभी केली.

"चल घरी," त्या म्हणाल्या. "तुझं भगुनं दाव मला."